सेट चोख चालला होता

पुरात मुलकी प्रशासनाच्या मदतीला जायचं असा हुकूम आला, तेव्हा आमच्या मेजर साहेबांनी फॉलिनमध्ये, सगळी कंपनी रांगेत उभी असताना, एकच प्रश्न विचारला. "उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. ये इलाका किसका है?"

दोन हात वर झाले. एक माझा. मी बदलापूर गावचा, तेव्हा हवालदार होतो आणि कंपनीच्या रेडिओ सेटची जबाबदारी माझ्याकडे होती. दुसरा हात नाईक बारकू पारधीचा. त्याची ठाकूरवाडी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. त्याच्या घराच्या ओट्यावर बसलं की धरणाची भिंत समोर दिसते. साहेब म्हणाले, "दोनों आगे की गाडी में बैठो." आम्ही बसलो. बारकू खूश होता, सरकारी खर्चाने माहेरी निघालो म्हणून सगळ्यांना सांगत होता.

नोकरीत मी दोनदा बर्फात राहिलो आणि एकदा वाळवंटात. दोन्हीकडे समोर दुश्मन होता आणि दोन्हीकडून आमच्या सेक्शनची माणसं धडधाकट परत आली. माणूस गमावला तो माझ्या स्वतःच्या गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर, भर दुपारी. लोक मला म्हणतात, सुभेदार, आता राग सोडा, वय झालं. मला तो सोडायचा नाही. कशाचा राग आहे तेवढं मात्र नीट सांगून ठेवतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा वीज नव्हती आणि मोबाईल कधी लागत होता, कधी नव्हता. उल्हास नदीचं पाणी बदलापूर गावाच्या मागच्या चाळींत शिरलं होतं. तिकडे उल्हासनगरात वालधुनीच्या काठची वस्ती पाण्यात होती. आमच्याकडचे रेडिओ सेट अशा वेळेसाठीच असतात. त्यांना टॉवर लागत नाही. प्रत्येक सेट स्वतः बोलतो आणि दुसऱ्याचं बोलणं पुढेही पोचवतो. आग लागली की माणसं विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून बादल्या हातोहात पुढे देतात, तसं. रांगेतला एखादा जवान हलला तर सेट आपला आपण दुसरा रस्ता शोधतात. मी बदलापूर गावातल्या एका शाळेत कंट्रोल मांडला. एक सेट चिखलोलीला बांधकाम चाललेल्या इमारतीच्या गच्चीवर, एक अंबरनाथला पाण्याच्या टाकीवर, एक उल्हासनगरात आणि एक बारकूच्या बोटीत. उल्हासनगरातला शब्द टाकी आणि गच्ची करत डोळ्याचं पातं लवायच्या आत बोटीत पोहोचत होता.

आता या रांगेचा धोका समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बादली पुढे देणारा माणूस आत पाणी आहे की रॉकेल, हे बघत बसत नाही. म्हणून रांगेत उभं कोण आहे, हे आधी बघावं लागतं. रोज सकाळी मी प्रत्येक सेटमध्ये त्या दिवसाची चावी भरायचो. चावी म्हणजे आकड्यांची गुप्त जुळणी. ती नसेल तर सेट आंधळा, बहिरा आणि मुका. पण चावी सेटची ओळख पटवते, तो हातात धरणाऱ्या माणसाची नाही. त्यासाठी आमचा दुसरा नियम आहे, आणि तो रिक्रूटलाही पाठ असतो. सेट ऑपरेटरच्या अंगावरून उतरत नाही. जेवताना नाही, झोपताना नाही.

पहिल्या दिवशी दुपारी भाऊ आले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या भागात सगळे त्यांना भाऊच म्हणतात. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि एवढ्या चिखलातही पांढऱ्याच चपला. त्यांची मुलं वालधुनीच्या वस्तीत खिचडी वाटत होती, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

"मेजर साहेब, आमची पोरं छातीभर पाण्यात उभी आहेत. एक सेट आम्हालाही द्या ना. कोऑर्डिनेशन होईल."

मी म्हणालो, "सर, सेट देऊ नका. द्यायचाच असेल तर सोबत आपला ऑपरेटर द्या."

साहेबांनी माझं ऐकलं. उल्हासनगरातला सेट घेऊन लान्स नाईक कदमला भाऊंच्या कार्यालयात बसवलं. कदम सातारा भागातला, गरीब स्वभावाचा. मोठ्या माणसाने खांद्यावर हात ठेवला की विरघळणारा. निघताना मी त्याला बजावलं, "कदम, काय वाटेल ते होऊ दे, सेट अंगावर." तो म्हणाला, "होय साब."

त्याच संध्याकाळी बॅटऱ्या चार्ज करायला आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे मोठा इन्व्हर्टर होता. त्याने आधी माझं ओळखपत्र मागितलं, ते दिव्याखाली धरून नीट पाहिलं आणि मगच बॅटऱ्यांना हात लावला. सकाळी मी दुसरा जवान पाठवला, तर त्याने त्याला दारातूनच परत फिरवलं. "साईं, माल फौज का है. जिसने दिया है, उसी को दूंगा." मला स्वतःला जावं लागलं. तेव्हा मी वैतागलो होतो. आज त्या दुकानावरून जाताना थांबून त्याला नमस्कार करतो, आणि तो दर वेळी विचारतो, की कशासाठी.

बारकूची बोट मात्र त्या दोन दिवसांत गावाच्या तोंडी होती. बोट रबरी, मागे मोटर, ती चालवायला एक जवान आणि पुढे बारकू. त्याने चाळीच्या कठड्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत गल्लीतून दोर बांधला होता. गल्लीत पाणी होतं, पण ओढ नव्हती. दोराला धरून, एका वेळी चार-पाच माणसं घेऊन, तो बोट आणायचा. वेळ लागायचा. लोक ओरडायचे, मधल्या मैदानातून सरळ आण की. मैदानातून रस्ता निम्मा होता, पण नदीची सगळी ओढ तिथूनच जात होती. बारकू हसून सांगायचा, "घाईत म्हशीबी धूत नाय आमी, तुमी तर मानसं हाय."

लोकांचे फोन मधूनच चालू व्हायचे आणि सगळा कचरा एकदम येऊन पडायचा. एकाने त्याला दाखवलं, बदलापुरात मगर शिरली. फोटोही होता. बारकू म्हणाला, "मगर नाय ती, तुजा सासरा हाय. नीट बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हवालदारसाब, आमचं धरनबी दर साली मोबाईलमंदी फुटतं. आय ओट्यावर बसून बघती, तर हाय जागेवर."

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. पाणी उतरायला लागलं होतं. दुपारी दोनच्या सुमारास चाळीच्या गच्चीवर शेवटची अकरा माणसं उरली होती. बारकूने सेटवर सांगितलं, "कंट्रोल, बोट. तीन फेऱ्यांत संपवतो. चहा टाका. ओव्हर."

मी म्हणालो, "रॉजर. चहा टाकला. आउट."

त्याच वेळी उल्हासनगरात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजही लिहिताना जाते. तिथे सत्कार चालला होता. गावात माणसं गच्चीवर अडकलेली, आणि भाऊंच्या कार्यालयात सैनिकाचा सत्कार! आपल्याकडे कुणी परगावाहून आला, कुणी दहावी पास झाला, कुणी रक्त दिलं, की आधी शाल आणि श्रीफळ. त्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कदम नको म्हणाला. त्याला सांगितलं, फौजीने नाही म्हणायचं नसतं, लोकांची भावना आहे. शाल पांघरायची म्हणून सेट खांद्यावरून उतरवायला लावला. "शालीखाली तो डबा बरा दिसत नाही." एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, समोर मोबाईलचा कॅमेरा. सेट मागच्या टेबलावर.

टेबलाजवळ भाऊंचा एक कार्यकर्ता उभा होता. त्याच्या फोनवर तेवढ्यात एक मेसेज आला. धरण फुटलं, दहा मिनिटांत पाणी येणार, जीव वाचवा, पुढे पाठवा. त्याने पुढे पाठवला. फोनवरून शंभर जणांना पाठवला असेल, त्याचं मला काही नाही. मग त्याला टेबलावरचा सेट दिसला. कुठलं बटण दाबून बोलायचं, हे तो दोन दिवस कदमला पाहून शिकला होता. तातडीच्या संदेशाआधी आम्ही 'फ्लॅश' म्हणतो, तेही शिकला होता.

माझ्या कानावर आलं ते असं. "फ्लॅश, फ्लॅश. बारवी धरण फुटलं आहे. दहा मिनिटांत पाणी. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडा."

आवाज ओळखीचा नव्हता. मी लगेच म्हणालो, "उल्हासनगर, कंट्रोल. ऑथेंटिकेट. ओव्हर." म्हणजे आजचा सांकेतिक शब्द सांग आणि तू आपला आहेस हे सिद्ध कर. उत्तर आलं नाही. मधल्या क्षणात बारकूचा आवाज आला, एकदम शांत. "बोट. फ्लॅश मिळाला. सगळ्यांना एकदम घेतो. मैदानातून येतो."

मी ओरडलो, "बोट, थांब! खोटं आहे! गल्लीतूनच ये!"

ते कुणालाच गेलं नाही. त्या शहाण्याने पुन्हा बटण दाबलं होतं आणि दाबूनच ठेवलं होतं. "हॅलो, हॅलो, कळलं का सगळ्यांना? हॅलो?" मागे टाळ्या ऐकू येत होत्या. कुणीतरी भारत माता की जय म्हणत होतं. एकाने बटण धरून ठेवलं की बाकीच्यांचं बोलणं दबतं. त्या सेटला रांगेतून हाकलायचं तर चावी बदलावी लागते. चावी बदलली असती तर ज्याचे दोन्ही हात कामात आहेत तो बारकूही रांगेबाहेर पडला असता, कायमचा बहिरा. म्हणून मी सेट टाकला आणि पायी धावलो. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा बोट मैदानात शिरलेली दिसत होती. हे वरातीमागून घोडं होतं, आणि घोडा मी होतो.

बोटीत त्या अकरा जणांना बसवून जागा उरली नव्हती. शेवटी एक आजी होत्या. बारकूने आपलं लाइफ जॅकेट त्यांना घातलं आणि सेटही त्यांच्या गळ्यात अडकवला. "आजी, याला भिजवू नको, लय महाग हाय," असं म्हणाला. स्वतः बोटीच्या मागची दोरी धरून पाण्यात उतरला, बोट हलकी व्हावी म्हणून. मोटर चालवणाऱ्या जवानाने हे सगळं मला सांगितलं. मैदानाच्या मधोमध पाण्याखाली काटेरी तारेचं कुंपण होतं. बोट त्याच्यावर अडकून आडवी झाली. बारकूने खालून खांदा लावून ती मोकळी केली. बोट सुटली. तो सुटला नाही.

अकराच्या अकरा जण शाळेत आले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा बारकू त्याच तारेत सापडला. त्याचा उजवा बूट अडकला होता.

धरण फुटलं नव्हतं. त्याच्यावर ओरखडाही उठला नव्हता. त्या दुपारी पाणी बोटभरही वाढलं नाही, उलट ओसरत होतं. त्याने तीन फेऱ्या निवांत केल्या असत्या तर चहाला आला असता. हे मी पहिल्यांदा लिहीत नाहीये, चौकशीत दिलेल्या निवेदनातही हेच लिहिलं होतं. पुन्हा लिहितो, कारण लोक म्हणतात, पुरात असं व्हायचंच. पुराने केलं नाही हे.

लोक असंही म्हणतात, एवढा हुशार, धरणफुटीची अफवा ओळखणारा माणूस, त्याने विश्वास कसा ठेवला? याचंही उत्तर देतो. ते मोबाईलवर आलं असतं तर बारकू हसला असता. ते सेटवर आलं. आमच्या सेटवर, त्या दिवसाची चावी असलेल्या, मी स्वतः सकाळी भरलेल्या चावीच्या सेटवर. सेटवर आलेल्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हे आम्हीच त्याला दहा वर्षं शिकवलं होतं. शंका घेणारा जवान लढाईत टिकत नाही. त्याने शिकवल्याप्रमाणे केलं.

बारकू गेला त्याच संध्याकाळी मी उल्हासनगरला गेलो. कदम कार्यालयाच्या पायरीवर बसला होता. शाल अजून गळ्यात होती, काढायचं भान नव्हतं. मी त्याच्या अंगावर हात टाकला नाही, एवढंच. त्या कार्यकर्त्याला समोर उभं केलं. तो रडत नव्हता, घाबरलाही नव्हता. थोडा नाराज दिसत होता.

"आम्हाला काय माहीत साहेब? आला, पुढे पाठवला. लोकांच्या भल्यासाठीच ना?"

"कुणाकडून आला?"

"ग्रुपवर आला."

"ग्रुपवर कुणी टाकला?"

"ते कसं सांगणार? फॉरवर्ड होता."

भाऊ मध्ये पडले. "हवालदार, पोराची भावना बघा ना जरा."

मी म्हणालो, "भाऊ, पाण्याखालच्या तारेला भावना कळत नाही." आतून कुणीतरी चहा आणला. मी तो घेतला नाही.

पुढे चौकशी झाली. निष्कर्षाचं वाक्य मला पाठ आहे. 'प्रतिकूल हवामानामुळे रेडिओ संपर्कात अडथळा आला.' आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी मेजर साहेबांसमोर सावधान उभा राहिलो. म्हणालो, "सर, पाऊस उघडला होता. संपर्कात अडथळा आला असता तर बारकू वाचला असता. संपर्क झाला, म्हणून तो गेला."

साहेब म्हणाले, "मालूम है, शेलार. मैंने यही लिखा था. ऊपर से बदल के आया." मग म्हणाले, "तुमने कहा था, सेट मत दो." एवढंच. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही.

आजींनी सेट खरोखर भिजू दिला नव्हता. पदरात गुंडाळून आणला होता. मी तो दुसऱ्या दिवशी तपासला. बॅटरी, एरियल, आवाज, चावी, सगळं ठीक. त्या दुपारचा एकही शब्द त्याने गाळला नव्हता. कुणी माझ्यासमोर त्या यंत्राला दोष दिला की माझं डोकं फिरतं. सेट चोख चालला होता. नालायकी आपली होती. विचारल्याशिवाय पुढे ढकलायचं, आणि त्याला मदत म्हणायचं.

आता मी चिखलोलीला राहतो, त्या वेळी जिच्या गच्चीवर सेट होता त्याच इमारतीच्या शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात धरण फुटतं. यंदाही फुटलं. मी लिहिलं, "ही बातमी कुणाची? कुणी पाहिलं?" खालच्या मजल्यावरच्या शिकलेल्या बाईंनी उत्तर दिलं, "काका, जसं आलं तसं फॉरवर्ड केलंय. खरं असेल तर उपयोगी पडेल." आणि हात जोडलेलं चित्र. मी जिना उतरून त्यांच्या दारात गेलो आणि बारकूची सगळी हकीकत उभ्या उभ्या सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर माझा फोटो टाकला, 'आपल्या सोसायटीची शान', आणि खाली माझ्या सत्काराची तारीख. मी ग्रुप सोडला.

भाऊ दर वर्षी त्या दिवशी कार्यक्रम करतात. बॅनरवर वरच्या कोपऱ्यात बारकूचा पासपोर्टएवढा फोटो, आणि मधोमध हात जोडलेले भाऊ. मला दर वर्षी बोलावणं येतं. मी जात नाही. त्या दिवशी मी बारवीच्या वरच्या अंगाला, ठाकूरवाडीत जातो.

पहिल्यांदा गेलो ते बारकूची ट्रंक घेऊन. त्याची आई ओट्यावर बसली होती. मी जे झालं ते सांगितलं, न वगळता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात लांब करून समोर दाखवलं. डोंगराच्या खाली धरणाची भिंत होती, करडी आणि सरळ.

"त्या दिशी मी हितंच बसलेली सकाळपून," ती म्हणाली. "धरन समोर व्हतं. मला कुनी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मी ट्रंक ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो.

नाईक बारकू पारधी. वय एकतीस. मागे आई. घाईत म्हशीही धुणार नाही असं म्हणणारा माणूस, फक्त एकदा घाईत होता, तेही आम्ही सांगितलं म्हणून.

आता दर वर्षी आम्ही दोघं त्या ओट्यावर बसतो. म्हातारीची नजर अधू झाली आहे, पण दुपारचे दोन वाजत आले की ती कपाळावर हात धरून खाली बघते, नीट बघते, आणि मग मला सांगते, "हाय जागेवर."

सेटवर द्यायचो तशी मी पोच देतो, "मिळालं, आई."